नाटकाचा निर्माता नेमकं करतो काय? आणि कोल्हापुरात राहून हे करिअर होतं का?

मिरजकर_तिकटी :
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण वाचून घ्या. आमचा कोल्हापुरातला हौशी ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेला उतरतो, गेल्या खेपेचं नाटक लोकांना भारी आवडलं आणि तेव्हापासून ग्रुपात एकच विषय चाललाय की हे नाटक आता व्यावसायिकला काढायचं. लेखक आपलाच, दिग्दर्शक आहे, नट आहेत, लाइटवाला आहे, नाही तो फक्त निर्माता. आणि सगळी माझ्याकडं बघाय लागल्यात, कारण स्पर्धेच्या वेळी टेम्पो ठरवणे, पोरांचं जेवण, तालमीच्या हॉलचं भाडं, पावत्या जपून ठेवणे हे सगळं मीच करत होतो. मला ते काम मनापासून आवडतं. स्टेजवर जायची ओढ कधी वाटली नाही, पण तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला की विंगेत उभं राहून जे वाटतं ना, ते मला दुसरं कशातच मिळत नाही.

पण निर्माता म्हणजे नक्की काय हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही. घरी विचारलं तर म्हणतात निर्माता म्हणजे पैसे घालणारा, आणि तुझ्याकडं पैसे कुठायत. जाहिरातीत निर्माता वेगळा, सूत्रधार वेगळा, व्यवस्थापक वेगळा, ह्यात कोण काय करतं? ह्या लाईनीत लोकांनी अख्खं आयुष्य काढलंय, त्यांनी सुरुवात कशी केली, मध्ये बुडाले तेव्हा काय केलं, हे मला समजून घ्यायचंय. आणि हे सगळं मुंबई पुण्यालाच होतं का, का इथं राहून जमू शकतं? नोकरी आहे, लगेच सोडणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा, एका ओळीत सोडू नका.

जुना_रसिक :
सविस्तर लिहितो बाळा, प्रश्न मनापासून विचारलायस.

आपल्या गावात बसून विचारतोयस म्हणून आपल्याच गावच्या माणसापासून सुरू करतो. संगीतसूर्य केशवराव भोसले. नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, लोक त्यांना गायक नट म्हणून ओळखतात, त्यांच्या तानांच्या गोष्टी सांगतात, पण ते कंपनीचे मालक होते, म्हणजे आजच्या भाषेत निर्माते होते, ही बाजू कुणी फारशी बोलत नाही आणि मला ती त्यांच्या गाण्याइतकीच मोठी वाटते. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले, देवलांच्या 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं नाव झालं आणि त्या पोराचं गाणं ऐकायला लोक तिकीट काढायला लागले. असा चालता नट दुसऱ्याच्या कंपनीत सुखात राहिला असता. ह्यांनी १९०८ साली हुबळीला स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. वय अठराच्या आसपास, म्हणजे आज आपली पोरं कॉलेजला ॲडमिशन घेतात ते वय.

त्या काळात मंडळी चालवायची म्हणजे काय ते बघ. कंपनी म्हणजे एक फिरतं गावच असायचं. नट, साथीदार, आचारी, कपडेपटवाले, पडदे ओढणारे, घर सोडून आलेली लहान पोरं, सगळ्यांचं बिऱ्हाड एकत्र. एका गावात मुक्काम टाकायचा, खेळ लावायचे, गल्ला कमी व्हायला लागला की सामान रेल्वेत भरून पुढचं गाव. पावसानं खेळ पडला, गावात साथ आली, नायकाचा घसा बसला, तरी चूल बंद ठेवता येत नाही. आणि मालक स्वतःच मुख्य नट असला तर दिवसा ही सगळी निस्तरानिस्तरी आणि रात्री चेहऱ्याला रंग लावून पहाटेपर्यंत गायचं.

आता निर्मात्याची नजर म्हणतात ती कुठं दिसते सांगतो. पौराणिक संगीत नाटकं हमखास चालत होती तेव्हा केशवरावांनी मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाचं 'हाच मुलाचा बाप' घेतलं, हुंड्यावरचं नाटक. वीर वामनराव जोश्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' घेतलं. चालींसाठी रामकृष्णबुवा वझ्यांसारखा गवई कंपनीशी जोडला. पडद्यांचं तर आपल्या कोल्हापूरला वरदानच होतं, आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ सिनेमात जायच्या आधी नाटकाचे पडदे रंगवण्यातच नावाजले होते. कुठला लेखक, कुठला गवई, कुठला चित्रकार हे एकत्र कोण आणतं? निर्माता. पैसे घालणे हा त्यातला एक भाग झाला.

आणि ८ जुलै १९२१ चं संयुक्त 'मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांची गंधर्व मंडळी आणि केशवरावांची ललितकलादर्श एका स्टेजवर आली, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. लोक अजून गाण्याच्या चढाओढीबद्दल बोलतात. मला त्यात दोन मालक दिसतात, एकमेकांचे सगळ्यात मोठे स्पर्धक, एकाच प्रेक्षकाच्या खिशाकडं बघणारे, आणि तरी दोघांनी एका कामासाठी आपापली माणसं एकत्र आणली. स्वतःच्या कंपनीवर पक्का भरवसा असल्याशिवाय मालक हे करत नाही.

त्यानंतर तीन महिने सुद्धा झाले नाहीत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय ३१. मुख्य नट आणि मालक एकाच दिवशी गेला म्हणजे कंपनी संपायला पाहिजे होती, पण नाही संपली. बापूराव पेंढारकरांनी जबाबदारी अंगावर घेतली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ ला, वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. बापूराव १९३७ ला गेले, तोवर बोलपटानं मंडळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. तरी त्यांचा मुलगा भालचंद्र पेंढारकर, आपले अण्णा, त्यांनी ललितकलादर्श परत उभी केली, 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर' दिली. अण्णा गेले २०१५ ला. बघ म्हणजे, कोल्हापूरच्या पोरानं काढलेली कंपनी त्याच्या मागं किती दशकं चालली. गाणं माणसाबरोबर जातं, पण चांगल्या निर्मात्यानं उभी केलेली संस्था त्याच्याशिवाय चालते, हे मला केशवरावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त भिडतं.

बुकिंगखिडकी :
काकांनी इतिहास सांगितला, एक नंबर. मी धंद्याचं सांगतो. भावा मी ह्या भागात बाहेरच्या नाटकांचे प्रयोग लावायचं काम बरीच वर्षं करतोय, निर्माता नाही, पण निर्मात्यांना जवळनं बघितलंय, चढताना पण आणि बुडताना पण.

आधी कोण काय करतं ते. निर्माता म्हणजे नाटक ज्याचं. संहिता निवडणे, लेखकाकडनं प्रयोगाची लेखी परवानगी, दिग्दर्शक ठरवणे, नट गोळा करणे, नेपथ्य बांधून घेणे, तालमीचा खर्च, हे सगळं त्याच्या डोक्यावर, आणि नाटक पडलं तर तोटा फक्त त्याचा, बाकी कुणाचा नाही. सूत्रधार म्हणजे निर्मात्याचा उजवा हात, तारखा मिळवणे, नटांच्या तारखा जुळवणे, दौरा आखणे हे तो बघतो. व्यवस्थापक प्रयोगाबरोबर फिरतो, गाडी, जेवण, राहणं, गल्ल्याचा हिशोब. बऱ्याच ठिकाणी दोन कामं एकच माणूस करतो.

पैशाचं गणित लोकांना समजत नाही ते इथं समजून घे. खर्च दोन प्रकारचा. एक, पडदा उघडायच्या आधीचा, सेट, कपडे, तालमी, म्युझिक रेकॉर्डिंग, पहिल्या जाहिराती. हा एकदाच होतो. दुसरा दर प्रयोगाचा, त्यात नटांची नाईट, बॅकस्टेजची नाईट, लेखक दिग्दर्शकाचं मानधन, थिएटर भाडं, बस, टेम्पो, लॉज, जेवण, पेपरची जाहिरात. नाईट म्हणजे काय तर नटाला पगार नसतो, प्रयोगागणिक पैसे. म्हणून प्रयोग नाही लागला तर नटाला पण काही नाही आणि निर्मात्याला पण काही नाही. समजा (समजवायला धरतोय, कुठल्या नाटकाचे आकडे नाहीत) सरासरी तिकीट ३५० धरलं आणि ६०० खुर्च्या भरल्या तर २,१०,००० झाले. त्याच थिएटरात ४०० च भरल्या तर १,४०,०००. मधले ७०,००० गेले आणि खर्च मात्र एक रुपयानं कमी झाला नाही, बसचं डिझेल प्रेक्षक मोजून जळत नाही. आता पहिल्या प्रकारचा खर्च वसूल कशातनं व्हायचा? प्रयोगाचा खर्च भागून जे वर उरतं त्यातनं, म्हणजे प्रयोगावर प्रयोग लागले तरच. शुभारंभाला सगळे नातेवाईक येतात, हार घालतात, फोटो काढतात. खरा निर्माता कळतो तो पंचविसाव्या प्रयोगाच्या आसपास, ओळखीची माणसं येऊन गेलेली असतात आणि नाटकाला स्वतःच्या पायावर उभं राहायला लागतं तेव्हा.

तिकिटाबद्दल आणखी एक, ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्यावर गेलास की लागतो. म्हणून वरचा दर ठरवताना हे धरून चाल.

दौऱ्याचं सांगतो कारण कोल्हापूर ह्याच्यात महत्त्वाचं. मुंबई पुण्याचं नाटक आपल्याकडं एकटं कधी येत नाही, सातारा, कराड, सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी अशी माळ लावून येतं, नाहीतर बसचा खर्चच निघत नाही. सांगलीला विष्णुदास भावे, मिरजेला बालगंधर्व, इचलकरंजीला घोरपडे नाट्यगृह, आपल्याकडं केशवराव. त्यातलं एक गाव गळलं तर माळच तुटते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ना, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, अख्खं कोल्हापूर रडत होतं, १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते. त्या आगीनं आमच्या धंद्याचं काय झालं हे बाहेरच्याला दिसलं नाही. कोल्हापूरची तारीख गेली की सांगली इचलकरंजीचे प्रयोग पण महाग होतात. स्पीकरवाला, रिक्षा फिरवून अनाऊन्स करणारा, चहा वड्याचा गाडा, बॅकस्टेजची पोरं, सगळ्यांच्या चुली एका थिएटरवर चालत होत्या. निर्माता व्हायचं असलं तर हे आधी डोक्यात बसव की नाटक तुझं असलं तरी ते उभं राहतं अशा गावोगावच्या थिएटरांवर आणि तिथल्या माणसांवर.

नेपथ्यवाली :
मी बोलू का, मी सेटच्या बाजूची. नेपथ्य बांधणे, रंगवणे, दौऱ्यावर लावणे उतरवणे ह्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

वरचं सगळं बरोबर आहे पण निर्माता चांगला की वाईट हे आम्ही एकाच गोष्टीवरनं ओळखतो, प्रयोग संपल्यावर पाकीट येतं का नाही. एका दौऱ्यावर एका निर्मात्यानं सांगितलं, शेवटच्या प्रयोगाला सगळ्यांचा हिशोब एकदम करू. शेवटच्या प्रयोगाला बुकिंग कमी झालं आणि मध्यंतरानंतर हा माणूस थिएटरात दिसलाच नाही, फोन बंद. आम्ही पोरापोरींनी सेट उतरवला, टेम्पोत भरला, टेम्पोवाला म्हणतो पैसे दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, शेवटी नाटकातल्या एका ज्येष्ठ नटानं खिशातनं काढून दिले. नाव लिहीत नाही, पण त्या माणसाच्या नाटकाला पुन्हा कुणी हात लावला नाही. आणि दुसरे एक होते, प्रयोग तोट्यात गेला तरी पडदा पडल्यावर आधी बॅकस्टेजची पाकिटं, मग नटांची, मग स्वतःचं जेवण, असं. त्यांचं नाटक फार चाललं नाही पण त्यांनी दुसरं नाटक काढतो म्हटल्यावर आम्ही सगळे ॲडव्हान्स न घेता तालमीला हजर.

एक अजून, सेट डिझाईन करताना निर्मात्यानं बसायला पाहिजे बरं का, नुसतं दिग्दर्शकावर सोडू नये. स्पर्धेचा सेट एकदा लावायचा असतो, फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या रंगवलेल्या चौकटी, ठोकून टाकले, झालं. व्यावसायिकचा सेट आज मिरजेत, उद्या इचलकरंजीत, प्रत्येक स्टेजची उंची रुंदी वेगळी, तो दर वेळी उतरवायचा, टेम्पोत बसवायचा, दुसऱ्या दिवशी परत ठरलेल्या वेळेत लावायचा. टेम्पोत न मावणारी एक लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा उंचवटा, केली तर दुसरा टेम्पो लागतो आणि तो दर प्रयोगाला लागतो. तुमचा स्पर्धेचा सेट तसाच व्यावसायिकला नेऊ नका, परत विचार करून बांधा.

मिरजकर_तिकटी :
खूप धन्यवाद सगळ्यांना. काका, केशवराव अठराव्या वर्षी मालक झाले हे वाचून अंगावर काटा आला, एवढी वर्षं त्या थिएटरात जात होतो आणि हे माहीत नव्हतं. ताई, पाकिटाचं लक्षात ठेवतो.

दोन शंका राहिल्यात. जुन्या काळातला मालक नट पण होता, गायक पण होता, म्हणजे लोक त्याच्या तोंडाकडं बघून यायचे. मी तर स्टेजवर जाणारच नाही, मग लोक माझ्या नाटकाला का येणार? आणि दुसरं, एकदा नाटक पडलं म्हणजे संपलंच का? कुणाचं पडलेलं नाटक परत उठलंय का?

लाखोबाच्या_गावचा :
मी निपाणीचा, कोल्हापूरला नाटक बघायला येणारा, नावावरनं कळलंच असेल. 'तो मी नव्हेच' मधला लाखोबा लोखंडे आमच्याच गावचा तंबाखूचा व्यापारी, त्यामुळं ह्या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं मी मानतो.

अत्र्यांचं ते नाटक १९६२ ला दिल्लीत पहिल्यांदा झालं, मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनचं, फिरत्या रंगमंचावर. प्रभाकर पणशीकर त्यात पाच पाच रूपं घेऊन वावरायचे, घराघरात पोचले. आणि १९६३ ला त्यांनी नाट्यसंपदा काढली. इथपर्यंत तुझी शंका बरोबर, नट होता म्हणून लोक आले. पण पुढं बघ. नाट्यसंपदेनं १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली' आणलं, त्याच्यात लोक पंतांच्या, म्हणजे पणशीकरांच्या, तोंडाकडं बघायला येत नव्हते, वसंतराव देशपांड्यांचं गाणं ऐकायला येत होते. म्हणजे स्वतःच्या नावावर नाटक चालवणारा माणूस दुसऱ्याच्या नावावर नाटक उभं करायला शिकला, आणि माझ्या मते तेव्हा तो पुरता निर्माता झाला. त्यांचं 'तोच मी' हे आत्मचरित्र आहे, आयुष्य वाचायचंय म्हणालास ना, इथनं सुरू कर.

स्टेजवर न जाणारे पण मोठे निर्माते झालेत. मोहन वाघ मूळचे छायाचित्रकार, नेपथ्यकार, 'चंद्रलेखा' संस्था त्यांची. सुधीर भट, 'सुयोग'वाले, 'मोरूची मावशी', 'एका लग्नाची गोष्ट' कुणाची तर सुयोगची. लोक विजय चव्हाणला, प्रशांत दामलेला बघायला गेले, पण सुयोगचं नाटक आहे म्हटल्यावर घरच्यांना घेऊन बिनधास्त जायचं हा भरवसा भटांनी कमवला होता. लता नार्वेकर बघ, 'सही रे सही' त्यांनी काढलं, भरत जाधव घराघरात गेला. प्रेक्षक नटासाठी येतो हे खरं, पण त्या नटाला त्या भूमिकेत कुणी बसवलं, आणि तो रविवारी साडेचारला आमच्या भागातल्या थिएटरात वेळेवर कसा पोचला, ह्याच्या मागं निर्माता आहे.

पडलेलं नाटक उठतं का म्हणालास. 'वस्त्रहरण'. १९८० ला आलं, मालवणी बोलीतलं, मुंबईत कुणाला कळणार म्हणून लोक नाकं मुरडत होते, सुरुवातीला काही चालेना. मग पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग बघितला आणि कौतुकाचं पत्र दिलं, ते जाहिरातीत आलं आणि नाटक असं धरलं की पाच हजारांच्या वर प्रयोग झाले, लंडनला सुद्धा गेलं. मच्छिंद्र कांबळी त्यातला तात्या सरपंच आणि पुढं 'भद्रकाली'चे निर्माते, २००७ ला गेले. आता पत्र पुलंनी दिलं हे नशीब म्हण, पण पत्र येईपर्यंत प्रयोग लावत राहिले म्हणून ते पत्र द्यायला नाटक शिल्लक होतं. त्याच भद्रकालीनं पुढं प्रसाद कांबळींच्या हाताखाली 'संगीत देवबाभळी' दिलं, स्टेजवर फक्त दोन बायका, विठ्ठलाची रखुमाई आणि तुकोबांची आवली, कुठला स्टार नाही, फार्स नाही, आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. हे नाटक पण प्राजक्त देशमुखनं आधी स्पर्धेसाठी एकांकिका म्हणून केलेलं होतं, तेव्हा स्पर्धेतनं व्यावसायिकला जाणं होत नाही असं कुणी म्हणालं तर हे दाखव.

जुना_रसिक :
निपाणीकरांनी उठलेल्या नाटकाचं सांगितलं, मला बुडण्याची बाजू पण सांगितली पाहिजे, पोरगा नोकरीच्या भरवशावर उडी मारतोय.

बालगंधर्वांचंच घे. १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली ती तिघांच्या भागीदारीत, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि आपले गोविंदराव टेंबे. टेंबे लवकर बाहेर पडले, १९१५ ला स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढं बोडसही गेले. कंपनीवर कर्ज चढलेलं आणि ते सगळं एकट्या बालगंधर्वांच्या अंगावर आलं. त्यांना प्रेक्षकासमोर सगळं अस्सल लागायचं, शालू अस्सल, दागिने अस्सल, अत्तर अस्सल, स्टेजवरच्या मखमलीत हात आखडता घ्यायचा नाही. त्या सौंदर्यदृष्टीपुढं मी आजही हात जोडतो, पण त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर भरली. शेवटी मंडळी बंद करून प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' सिनेमात काम करायची वेळ आली, १९३५ साली. आणि गोविंदराव टेंबे, 'मानापमान'च्या चाली ज्यांच्या, स्वतःच्या कंपनीचे मालक राहिलेले, ते १९३२ ला आपल्या कोल्हापुरातच प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त राजा हरिश्चंद्र झाले, मराठीतला पहिला बोलपट. ज्या बोलपटानं मंडळ्या मोडल्या त्याचा पहिला नायक एक जुना मंडळीमालक. ह्यात मला कुणाचा पराभव दिसत नाही. कामाची माणसं काम शोधतात.

तेव्हा भागीदारी करणार असाल तर सुरुवातीलाच कागद करा. ग्रुप आहे, सगळे मित्र आहेत, तोटा झाला तर कुणाचा किती, एक जण सोडून गेला तर नाटक कुणाकडं राहणार, हे तालमी सुरू व्हायच्या आधी लिहा. तिघंही दिग्गज, तिघंही नाटकाचे वेडे, तरी एकत्र टिकले नाहीत.

बुकिंगखिडकी :
काकांच्या कागदाच्या सल्ल्याला माझं पण मत. आता भावा तू विचारलंस कोल्हापुरात राहून जमतं का. माझं प्रामाणिक म्हणणं, पहिलं नाटक इथनं काढता येतं, पण नुसतं इथं चालवून पोट भरत नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी धरून एका नाटकाला प्रेक्षक किती मिळणार, परत परत बघणारा रसिक आहे आपल्याकडं पण कितींदा बघेल. त्यामुळं पुण्या मुंबईच्या तारखा लागतातच आणि तिथं शनिवार रविवारची तारीख नव्या निर्मात्याला सहज मिळत नाही. आपल्याकडं 'प्रत्यय'सारख्या संस्थेनं इथंच राहून डॉ. शरद भुताडियांचा 'किंग लिअर' करून दाखवला, कामाचा दर्जा मुंबईच्या तोडीस तोड, पण तो प्रायोगिकचा रस्ता, त्याच्यावर घर चालवायची अपेक्षा त्या लोकांनी ठेवली नव्हती. तुला कुठला रस्ता पाहिजे ते आधी ठरव, दोन्ही इज्जतीचे आहेत, हिशोब वेगळा आहे.

मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी वर्षभर बाहेरच्या नाटकांचे प्रयोग इथं लावून बघ. एखाद्या निर्मात्याकडनं प्रयोग ठरलेल्या रकमेला घ्यायचा, थिएटर तू घ्यायचं, प्लॅन तू उघडायचा, म्हणजे खुर्च्यांचं बुकिंग सुरू करायचं, तिकिटं तू विकायची, उरलं तर तुझं, गेलं तर तुझं. त्यात शिकशील की पेपरात जाहिरात कधी द्यायची, प्लॅन उघडल्यावर पहिल्या दिवशी कुठल्या रांगा जातात, परीक्षेच्या दिवसांत आणि लग्नसराईत काय होतं, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढलं की शिरोळकडचा प्रेक्षक कसा गळतो. तोटा झाला तरी एका प्रयोगाचा होतो, अख्ख्या नाटकाचा नाही. आणि मुख्य म्हणजे निर्माते, सूत्रधार तुला नावानं ओळखायला लागतात. उद्या तू स्वतःचं नाटक घेऊन तारीख मागायला गेलास की हा कोल्हापूरचा, प्रयोग संपल्यावर त्याच रात्री पैसे मोजून देणारा, एवढी ओळख पुरते.

नाटकाच्या कागदांचं पण आत्ताच सुरू कर, त्याला पैसे लागत नाहीत फारसे. लेखक मित्र असला तरी लेखी परवानगी घे, प्रयोगागणिक मानधन किती ते त्यातच लिहा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठव, ते प्रमाणपत्र नसलं तर व्यावसायिक प्रयोग लागत नाही. तुमच्या नटांत नोकरीवाले किती, कुणाला शनिवारी सुट्टी नसते, कुणाची बदली होऊ शकते ती यादी काढ आणि मुख्य भूमिकांना एक एक पर्यायी नट आत्ताच तालमीत बसव. हौशी ग्रुपचं व्यावसायिक नाटक पैशानं पडायच्या आधी इथंच पडतं, पाचव्या सहाव्या प्रयोगाला नायकाला ऑफिसातनं रजा मिळत नाही आणि लागलेली तारीख परत करावी लागते.

मिरजकर_तिकटी :
बुकिंगखिडकी दादा, हे प्रयोग लावून बघायचं डोक्यात शिरलं. ग्रुपची मीटिंग रविवारी आहे, त्यात तीन गोष्टी मांडतो, लेखकाचा कागद, नटांच्या सुट्ट्यांची यादी आणि सेट परत बांधायचा विचार. ताई तुम्हाला चालणार असेल तर आमच्या सेटचे फोटो आणि मापं मेसेजमध्ये पाठवू का? एका टेम्पोत बसतोय का तेवढं बघून सांगा.

नेपथ्यवाली :
पाठवा. फोटो चारही बाजूंनी काढा आणि लेव्हलची उंची फुटात लिहा, सगळ्यात मोठा फ्लॅट किती बाय कितीचा आहे ते पण. जिना असला तर तो सुटा होतो का ते आधी बघून ठेवा.

बुकिंगखिडकी :
आणि मीटिंगला वही घेऊन जा, पहिल्या पानावर आजपर्यंत स्पर्धेला खरंच किती खर्च झाला ते लिही, पावत्या जपल्यास म्हणालास ना. दादा बिदा नको म्हणूस, पुढच्या दौऱ्याला एक नाटक येतंय, प्लॅन उघडेल त्या दिवशी सकाळी खिडकीवर ये, दिवसभर बस माझ्याबरोबर.